मिरताबाईंनी आणलेला कागद

आमच्या लास तुस्कास गावात माणसांच्या तळव्यांवर आधी काळे ठिपके येतात, मग घट्टे, मग भेगा. माझी नणंद ओतिलिया त्यातच गेली. सोयाबीनवर विमानातून औषध फवारतात, त्याचंच हे, याबद्दल गावात कुणाला शंका नव्हती. दावा लावायला गेले तर वकील म्हणाला, "नेलिदाबाई, कोर्टाला शास्त्रज्ञाचा कागद लागतो."

तो शास्त्रज्ञ शोधण्यात माझी दोन वर्षं गेली. एक जण सोयाबीनवाल्यांचाच सल्लागार निघाला. दुसरा आला, बकऱ्याचं मटण चापून गेला, पुन्हा फोन उचलला नाही. शेवटी मिरता ओहेदा सापडल्या, विद्यापीठातून निवृत्त झालेल्या. बाटल्यांची पेटी मांडीवर धरून बसने आल्या आणि माती, पानं, आमचे केस, पाणी, सगळं घेऊन गेल्या.

तीन महिन्यांनी त्या स्वतःच आल्या. "फवाऱ्याचं औषध मातीत आहे, तसं मी लिहिलंय. पण हा आजार त्याचा नाही. तुमच्या विहिरीत आर्सेनिक आहे. इथल्या जमिनीतच असतं ते."

"पण आम्ही पाणी उकळून पितो की!"

"उकळून जात नाही ते, नेलिदा."

ती विहीर माझ्या नवऱ्याने खणलेली. तळ्यात गुरं तोंड घालतात म्हणून कासिमिरोने एका उन्हाळ्यात एकट्याने पंधरा मीटर खाली खणून पाणी काढलं होतं. पहिली बादली भरून दिली ती बहिणीला, ओतिलियाला.

खोटं कशाला सांगू, कागद चुलीत घालावा असं मनात आलं. पण शेजारणीची पोरं तेच पाणी पीत होती. रविवारी शाळेत सगळ्यांसमोर मी तो वाचला.

शेजारचा डेल्फोर ताडकन उठला. "वहिनी, ही तुझी बाई सोयाबीनवाल्यांनी कधी फोडली?"

"खाली बस," कासिमिरो म्हणाला. "विहीर माझी आहे." आणि तो बाहेर निघून गेला.

वकिलाने दावा सोडला. विमानं येतातच. सरकारी टँकर पंधरा दिवसांनी येतो, कधी तेवढाही नाही. मग लोक विहिरीवर जातात. कासिमिरोने ठोकलेल्या फळ्या उचकटतात आणि आमच्या दाराकडे न बघता पाणी भरतात. तो पुन्हा ठोकतो.

पाण्यातून आर्सेनिक काढणाऱ्या एका इंजिनिअरचं नाव मिरताबाईंनी दिलंय. काल पाचव्यांदा फोन लावला तेव्हा त्याने उचलला.

"गावात माणसं किती?"

"एक्केचाळीस."

"यंत्र बसवायला फार कमी आहेत हो," तो म्हणाला.