रंगाऱ्याचा घोडा आणि केकचं दुकान

मी एक जुना घोडा आहे. दचकू नका मित्रांनो, मी खिंकाळत नाही आणि लाथही मारत नाही. भिंती रंगवताना रंगारी ज्यावर चढतात, तो लाकडी घोडा मी.

दाराच्या चौकटी करून उरलेल्या सागवानातून एका सुताराने मला घडवले. रंगारीकाकांनी मला घरी आणले तेव्हा काकू म्हणाल्या, "माझ्यापेक्षा याच्याशीच तुमचा संसार जास्त होणार!" तसेच झाले. वीस वर्षांत माझ्या अंगावर इतके रंग सांडले की माझा मूळ रंग मीच विसरलो. मग ॲल्युमिनियमची चकचकीत शिडी आली. मी जिन्याखाली गेलो आणि माझ्यावर पायपुसणी वाळू लागली.

अशात एका नणंद-भावजयीने केकचे दुकान काढायचे ठरवले. दुकान त्यांचे, पण नाव आणि नियम एका मोठ्या कंपनीचे. भाड्याच्या गाळ्यात पूर्वी शिंपी बसायचा, त्याने रंगवलेल्या भिंती हिरव्यागार. कंपनीला त्या पिवळ्याच हव्या होत्या, म्हणून रंगाचे काम काकांकडे आले. त्याच दिवशी चार वाजता कंपनीचे साहेब तपासायला येणार होते. ते नाही म्हणाले तर उद्घाटन लांबणार, आणि आमंत्रणे तर साऱ्या गोतावळ्यात वाटून झालेली! त्यात नव्या गुळगुळीत फरशीवर शिडी घसरू लागली, तेव्हा काकांना माझी आठवण झाली. वरातीमागून का होईना, घोडे आले.

साहेब आले. त्यांनी काउंटर तीनदा मोजला, मग मान वर केली.

"त्या कोपऱ्यात हिरवं दिसतंय."

"सावली आहे हो ती," भावजय म्हणाली.

"कंपनीला सावली चालत नाही."

साहेब स्वतःच माझ्यावर चढले. कोपरा नखाने खरवडला. मग त्यांनी खाली पाहिले आणि मला घट्ट मिठीच मारली.

"काय झालं, साहेब?"

"काही नाही. मी इथेच बरा आहे."

काका धरायला धावले, तर साहेब किंचाळले, "हलवू नका!" पंधरा मिनिटे गेली.

"वहिनी, सरका," नणंद म्हणाली. ही स्वतः इतकी भित्री, की माळ्यावरचा डबासुद्धा भावजयीकडून काढून घ्यायची. "साहेब, खाली बघू नका. भिंतीकडे बघा. उजवा पाय सोडा. उंचीची भीती वाटते ना? मलाही वाटते. आता डावा."

मी श्वास रोखून उभा राहिलो, एकदाही कुरकुरलो नाही. साहेबांचे पाय जमिनीला लागले.

"हिरवं होतं का हो?" भावजयीने हळूच विचारले.

"होतं. नखाएवढं."

काका तडक वर चढले आणि ठिपका रंगवला. तेवढा वेळ साहेबांनी डोळे गच्च मिटून घेतले होते. मग घाम पुसत त्यांनी सही केली.

मित्रांनो, जुन्या वस्तूला अडगळीत फेकू नका. अधूनमधून तिचे स्क्रू आवळा, बिजागरीला तेल घाला. आणि कोणी वर अडकलाच, तर खुशाल हसा; पण आधी त्याला खाली उतरवा.