पोटात सुई असलेला भोपळा

मी एक जुना कापडी भोपळा आहे. मित्रांनो, परीक्षेत मिळणाऱ्या भोपळ्याशी माझे काहीही नाते नाही, हे आधीच सांगून टाकतो. मला पाहून मोठी माणसे उगीच हसतात, म्हणून सांगावे लागते.

माझा जन्म एका तपकिरी विजारीच्या डाव्या पायातून झाला. उजव्या पायातून दोन कांदे आणि एक वांगे निघाले. विजार रेडिओवाल्यांची होती. या गृहस्थांनी आयुष्यभर गावाचे रेडिओ दुरुस्त केले आणि घरातला एकही कधी वाजू दिला नाही. त्यांची थोरली बहीण म्हणजे आमच्या आत्या. आत्यांनी तीस वर्षे शाळेचे गणवेश शिवले. शिवणकाम सुटले, तरी हात स्वस्थ बसेनात. तेव्हा त्या दरवर्षी पानगळ सुरू झाली की दारातल्या बाकावर मांडायला जुन्या कापडांच्या भाज्या शिवू लागल्या.

भोपळा करणे सोपे नसते. आधी कापडाचा मोठा गोल कापायचा. त्याच्या कडेने धावदोरा घालून तो ओढायचा, की झाला बटवा. तळाशी वाळूची पुरचुंडी, नाहीतर भोपळा लवंडतो. वर ठासून कापूस. मग लांब सुई पोटातून आरपार घालून दोरा बाहेरून आवळायचा, म्हणजे फोडींच्या खाचा उमटतात. शेवटी देठ म्हणून अंगणातली वाळकी काटकी. काटकी बसवताना आत्या म्हणाल्या, "ऐटीत राहा. तुला कोणी चिरणार नाही." मी तेव्हा त्यांच्यावर विश्वास ठेवला.

आत्यांच्या वापरात लांब सुया पाचच होत्या. उठण्यापूर्वी त्या त्यांना उशीत टोचून मोठ्याने मोजत आणि शाळेतल्या बाईंसारख्या दटावत, "पाच. बसा गप्प." तीस वर्षांत एकही सुई हरवली नव्हती. हे त्या स्वतःच सांगत, आणि बरेचदा सांगत.

माझ्या शेवटच्या खाचेच्या वेळी फोन वाजला. रेडिओवाल्यांची लेक बोलत होती. ती दहा दिवसांनी येणार होती, आणि सोबत तिची दहा महिन्यांची मुलगी. आत्यांचा चष्मा कपाळावर चढला. एका खांद्याने फोन धरून त्यांनी दोरा कापला आणि बोटाने कापूस आत दाबला. त्या कापसाबरोबर सुईही आत गेली, नाकासकट. वरून त्यांनी देठ शिवून टाकला.

मी ओरडलो असतो, पण तोंड शिवायचे राहून गेले होते. भाज्यांना तोंड देत नाहीत.

फोन ठेवून आत्यांनी मोजले. चार. पुन्हा मोजले. सुया काही दुसऱ्यांदा मोजल्याने वाढत नाहीत. त्यांनी सतरंजी झटकली, गुडघ्यांवर बसून कपाटाखाली हात फिरवला, पदर उलटासुलटा केला.

"ताई, काय हरवलं?" रेडिओवाल्यांनी दारातून विचारले.

"काही नाही. कंबर मोकळी करतेय."

"कपाटाखाली?"

"जिथे अडकली तिथेच करावी लागते ना!"

ते गेले. मग मित्रांनो, आत्यांनी जे केले ते मी जवळून पाहिले. त्यांनी कपाटातली डबी उघडली, एक कोरी सुई काढली आणि उशीत टोचली. "पाच. बसा गप्प," त्या म्हणाल्या. पण आवाज इतका लहान होता, की सुयांना ऐकू गेला असेल असे वाटत नाही.

असे का केले, ते मला नंतर मुळ्याने सांगितले. मागच्या खेपेला लेकीने आत्यांच्या हातचा तिरका शिवलेला मुळा पाहिला होता आणि म्हणाली होती, "आत्या, डोळे तपासून घे. नाहीतर सगळ्या सुया उचलून घेऊन जाईन." ती हसत म्हणाली होती. आत्या हसल्या नव्हत्या. सुया गेल्यावर त्यांच्याकडे काय उरले असते? दोन रिकामे हात आणि भावाचे न वाजणारे रेडिओ.

आम्हाला बाकावर मांडले. वाळकी पाने, गाजरे, मुळा, कांदे, वांगे आणि मधोमध मी. येणारा-जाणारा थांबे. दूधवाली म्हणाली, "अगदी खरा दिसतो हो!" आणि तिने बोटाने माझे पोट दाबले. आत सुई तसूभर सरकली. पोस्टमनने दाबले, ती आणखी सरकली. कौतुकाने इतका घाबरलेला भोपळा दुसरा नसेल. दहाव्या दिवशी सुईचे टोक माझ्या तिसऱ्या खाचेत, कापडाच्या अगदी आतल्या बाजूला येऊन थांबले होते.

आणि लेक आली. कडेवर तिची मुलगी. रेडिओवाले आजोबा तिला चिचुंद्री म्हणत, कारण दोनच दात आले होते आणि त्या दोन दातांवर तिने जग कुरतडायला घेतले होते. खाली ठेवताच ती रांगत बाकाशी आली. आधी एक गाजर तोंडात. आत्या श्वास रोखून उभ्या. मग मुळा. मग तिने दोन्ही हात माझ्याकडे पसरले.

आत्यांनी मला झटकन उचलून कपाटावर ठेवले. चिचुंद्रीने भोकाड पसरले.

"अगं, खेळू दे की तिला! भोपळ्याचा एवढा काय मान?" लेक म्हणाली.

"त्याचा... रंग जातो."

"बाबांची विजार ती! वीस वर्षं धुतली, तेव्हा गेला नाही तो आता जाईल?" असे म्हणत तिने मला खाली काढले आणि मुलीच्या मांडीत दिले.

चिचुंद्रीचे रडे थांबले. तिने मला मिठी मारली. तिच्या ओल्या गालाखाली माझी तिसरी खाच होती. गाल दबला तशी सुई कापडात रुतली. मी कापूस घट्ट धरून ठेवला, पण कापूस म्हणजे कापूसच! तिने तोंड उघडले. दोन पांढरे दात माझ्याकडे येताना दिसले.

"सोड! सोड त्याला! सुई आहे!"

आत्यांनी मला हिसकावले. चिचुंद्री रडायचीसुद्धा विसरली.

"कशात सुई आहे?" लेकीने विचारले.

"ठाऊक नाही. कशात तरी आहे. एक हरवली होती. चारच भरल्या होत्या, मी नवी घालून पाच केल्या." आत्यांनी मला डोक्यावर उंच धरले होते. "गाजरातही असेल. ते तर तिने..."

लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. तिने मुलीचे तोंड उघडून बोट फिरवले, हिरड्या पाहिल्या, हात पाहिले. रक्त नव्हते.

रेडिओवाले आत गेले आणि जुन्या स्पीकरचे जड लोहचुंबक घेऊन आले. एकेक भाजी पुढे घेतली. गाजरे, काही नाही. मुळा, काही नाही. कांदे, वांगे, काही नाही. मग मी. तिसऱ्या खाचेपाशी टक्क आवाज झाला आणि सुईचे टोक कापड फोडून चुंबकाला चिकटले. ओढून मात्र निघेना, दोऱ्याची गाठ आत अडकली होती.

"चिरावा लागेल," रेडिओवाले म्हणाले.

मित्रांनो, विळ्या-भोपळ्याचे वैर मी ऐकून होतो. पण त्या दिवशी कात्री पोटात शिरली आणि मला हायसे वाटले.

आत्यांनी सुई उशीत टोचली. मग ती उशीच उचलून लेकीपुढे धरली. "घेऊन जा."

लेकीने आधी मुलीला आजोबांकडे दिले. रागावलेली होती, आणि तिचे चुकलेही नव्हते. मग म्हणाली, "फोन करून तरी सांगायचंस."

"तू म्हणाली होतीस, उचलून नेईन."

"म्हणाले होते." तिने उशी घेतली, पिशवीत टाकली नाही. एक सुई काढली, जाड काळा दोरा ओवला आणि माझे पोट स्वतः शिवायला बसली. तिचे टाके इतके वेडेवाकडे होते, की आत्यांना राहवेना. "अगं, हा टाका आहे की पायवाट?"

लेकीने गाठ मारून सुई परत उशीत टोचली. "तुझे डोळे तपासून झाले की तू उसव. उद्या सकाळी जाऊ. आता मोज."

आत्यांनी मोजले. मोठ्याने. "सहा."

"बसा गप्प," लेक म्हणाली.

तेव्हापासून या घरात सुया दोघांनी मोजायच्या असतात. एकाने आकडा सांगायचा, दुसऱ्याने दटावायचे. रेडिओवाल्यांना दटावणे जमत नाही, ते आपले खाकरतात. आत्यांना नवा चष्मा आला, पण माझे टाके त्यांनी उसवले नाहीत. मी दर पानगळीला बाकावर बसतो. चिचुंद्री आता शाळेत जाते आणि येऊन माझ्या काळ्या टाक्यांवरून बोट फिरवते.

मित्रांनो, जुन्या भाजीचे एवढे ऐका. तुमच्या हातून काही हरवले, तर जागा भरून आकडा जुळवू नका. "चारच आहेत" असे ओरडा. आणि तुमच्या घरात कोणी तसे ओरडले, तर आधी चुंबक शोधा, बोलणी नंतर. माझ्या पोटात आता नुसता कापूस आहे. हवे तर दाबून पाहा.