खांद्याला झेपेल असा अ‍ॅम्प

खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी तिला जड उचलायला कायमची मनाई केली, तेव्हा पहिला प्रश्न उभा राहिला तो गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या अवजड अ‍ॅम्पचा. त्यांच्याच बँडमध्ये ड्रम वाजवणारा दीर तो उचलून द्यायला तयार होता. पण प्रत्येक कार्यक्रमाला दुसऱ्याच्या हातांकडे पाहत बसणे तिला मान्य नव्हते. तिने अ‍ॅम्पचा आवाज हुबेहूब काढणारे, जेवणाच्या डब्याएवढे पेडल घेतले आणि घरी हेडफोन लावून आठवडाभर खपून एक भरदार, घुमणारा आवाज जुळवला.

तालमीच्या खोलीतल्या स्पीकरला पेडल जोडले, तर तो कुणालाच ऐकू आला नाही.

"वहिनी, वाजवताय ना?" ड्रममागून दीर म्हणाला. "की नुसता बोटांचा व्यायाम?"

"आवाज पूर्ण वाढवलाय, भाऊजी."

"मग गिटार गेली कुठे? राग मानू नका, पण शनिवारच्या कार्यक्रमात हॉलमध्ये असं झालं तर आपलं हसं होईल. आज जमलं नाही, तर या खेपेला दुसऱ्या कुणाला बोलावतो. तुम्ही विश्रांती घ्या."

"विश्रांती दवाखान्यात पोटभर झाली. तुम्ही दोघं, ड्रम आणि बेस, वाजवत राहा. मी सांगेपर्यंत थांबायचं नाही."

ती पेडलपाशी गुडघ्यांवर बसली. घरी ती एकटीच वाजवत होती. इथे खालचे सूर ड्रम आणि बेस गिटारने आधीच व्यापले होते. तिने पेडलवरचे खालचे सूर उतरवले.

"माझ्या हद्दीत घुसला होतात होय!" बेसवाला हसला.

मग तिने मधूनमधून तारा छेडत घुमारा काढून टाकला, खरखर निम्म्यावर आणली, मधले सूर वर चढवले. तेवढ्यात दिराने हात थांबवले, पाठोपाठ बेसही थांबला आणि गिटार उघडी पडली.

"अरे देवा! पत्र्याचं पिंप फरपटत नेल्यासारखं वाटतंय," दीर म्हणाला.

तिलाही ते तसेच वाटले. आठवडाभराची मेहनत आपल्याच हाताने खरवडून टाकल्यासारखे झाले. तिची बोटे बटणाकडे गेली, आणि तिने ती मागे घेतली.

"एकटं ऐकू नका. वाजवा."

दुसऱ्या ओळीपासून गिटार ड्रम आणि बेसच्या मधून स्वच्छ वर आली. दिराने मुद्दाम जोर लावला. ती दबली नाही. गाणे संपल्यावर त्याने घाम पुसला.

"शनिवारी सहाला निघू," तो म्हणाला. "अ‍ॅम्प गाडीत टाकू का, असावा म्हणून?"

"नको."

"बरं, मग उठू आता?"

"बसा, भाऊजी. पुढच्या गाण्यात माझा सोलो आहे. त्याचा आवाज अजून जुळवायचाय." आणि ती पुन्हा खाली वाकली.