मागणीचा घड

भुईगावच्या बॅप्टिस्टला स्पॅनिश येत होतं, फक्त ते तोंडाबाहेर येत नव्हतं. त्याचा मुलगा रॉबर्ट प्रवासी जहाजावर स्वयंपाकी. तिथेच त्याला पिलार भेटली. आता ती आपल्या आईला, अम्पारोबाईंना, घर दाखवायला स्पेनहून घेऊन आली होती. या घराची रीत अशी, की मुलाच्या बापाने केळ्यांचा घड पुढे ठेवायचा आणि स्वतःच्या तोंडाने मुलगी मागायची. वाडीत घड तयार होता. बाप होत नव्हता.

इंग्रजीतून स्पॅनिश शिकवणारं पुस्तक घेऊन तो माडाखाली बसे. इंग्रजीत 'आस्क' एकच. स्पॅनिशमध्ये त्याला दोन क्रियापदं. प्रश्न विचारायचा तर 'प्रेगुन्तार', काही मागायचं तर 'पेदिर'.

"चुकीचं तोंडात आलं तर?" तो बायकोला म्हणाला. "मुलगी मागायची सोडून उलटतपासणी घेतोय असं वाटेल."

"मराठीत विचारणं आणि मागणं यांत कधी घोळ घातलात का?" बर्थाने विचारलं.

"मराठीत तरी मी कधी काय मागितलंय?"

हे मात्र खरं. वडील नव्हते म्हणून बर्थाला मागायला त्याचे काका गेले होते. हा बाहेर त्यांची छत्री सांभाळत उभा होता.

शनिवारी रॉबर्ट चेहरा पाडून आला. "पप्पा, उद्या त्यांचं विमान. पिलारची आई म्हणते, इथे सगळे आग्रहाने जेवायला वाढतात, पण माझी मुलगी कुणाला हवीय असं काही दिसत नाही. लग्नाचं राहू दे म्हणते."

रविवारी चर्चमधून मिस्सा आटोपून आल्यावर बॅप्टिस्ट कोयता घेऊन वाडीत शिरला. केळीवर घड नव्हता. चोरी झाली, या विचाराने त्याला चक्क हायसं वाटलं. घड नाही, तर मागणी कसली घालायची?

तो घरात आला, तर ओटीवर अम्पारोबाई तोच घड कवेत घेऊन उभ्या. झग्यावर चिकाचे डाग. त्यांनी घड त्याच्या पायाशी ठेवला आणि सावकाश एक वाक्य म्हटलं. त्यात 'पेदिर' होतं. बाई आपल्या मुलीसाठी रॉबर्टला मागत होत्या.

"सी," म्हणजे हो, बॅप्टिस्ट म्हणाला. मग त्याला घराची रीत आठवली आणि कानशिलं तापली. त्याने घड उचलून बाईंच्या पायाशी ठेवला आणि महिनाभर घोकलेलं वाक्य एका दमात म्हटलं. तेही 'पेदिर'चंच. अम्पारोबाई हसून "सी" म्हणाल्या. पिलारने रॉबर्टचा हात धरला.

आता जीभ सैल झालीच होती, तर दुसरं क्रियापद का वाया घालवा? त्याने बाईंना विचारलं, हे सगळं तुम्हाला सांगितलं कुणी?

बाईंनी बर्थाकडे बोट दाखवलं. बर्थाने चिकाने काळे झालेले हात पदराआड घेतले.

"रॉबर्टमार्फत त्यांनी मला आपली रीत विचारली, मी सांगितली," ती म्हणाली. "कुणी मागायचं, तेवढं सांगायचं राहून गेलं."