गिऱ्हाइकाला विचारायचे प्रश्न

आमचे हे मिक्सर दुरुस्त करतात. गिऱ्हाईक आलं की आधी चार प्रश्न: बिघाड कधीपासून, आवाज कसा येतो, तापतो का, मध्येच बंद पडतो का? त्याशिवाय स्क्रूला हात लावत नाहीत. "न विचारता खोलतो तो कारागीर नव्हे, कसाई," असं वर ऐकवतात.

आणि मला? लग्नाला इतकी वर्षं झाली, एक प्रश्न नाही! दिवा घालवायचा, कारभार आटोपायचा, कूस बदलून घोरायला लागायचं. मी पहिल्यापासून नाटक करत आले. योग्य जागी हुंकार, योग्य जागी सुस्कारा. लवकर सुटका व्हायची ना.

आमचं घर दुकानाला लागूनच, मध्ये फक्त पडदा. एकदा त्या पडद्यामागे भाजी निवडत होते. हे शेजारच्या टायरवाल्याला म्हणाले, "बाईला खूश कसं ठेवायचं ते माझ्याकडून शीक." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या रात्रीपासून नाटक बंद. भिंतीकडे बघत गप्प पडून राहायचे.

यांनी काय करावं? बहिणीकडे बोंब मारली. वन्सं आल्या त्या तोंड सोडतच. "काय गं, थंड पडलीयस म्हणे? त्याच्या मनातून उतरलीस तर जाशील कुठे?" यांनी पुस्ती जोडली, "डॉक्टरला दाखवू. इलाज नसेल तर माहेरी सोडून येतो." जशी काही मी गॅरंटी संपलेला माल!

दवाखान्यात प्रश्न मला, उत्तरं यांची.

"दुखतं का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छे, अजिबात नाही."

"समाधान होतं?"

"आधी दरवेळी व्हायचं. आता काहीतरी बिघडलंय."

बाईंनी चष्मा काढला. "तपासायचंय तुम्हाला का हिला? बाहेर बसा."

दार लागलं तशी मी बोलत सुटले. "दुखतं. नेहमीच दुखतं. आणि समाधान एकटी असताना होतं, यांच्याबरोबर कधीच नाही."

बाईंनी नीट तपासलं. "तुझ्यात खोट नाही. अंग तयार व्हायच्या आत घाई केली तर दुखणारच. तरीही दुखत राहिलं तर परत ये. आणि पुष्कळ बायकांना नुसत्या संभोगाने ते सुख मिळत नाही. वेळ लागतो, हवा तिथे स्पर्श लागतो. डोक्यात धास्ती नाहीतर राग असला की तेही कठीण."

"राग तर मणभर आहे," मी म्हटलं.

यांना आत बोलावून बाई एवढंच म्हणाल्या, "हिला विचारा."

"स्वतःला कोण समजते!" हे घरापर्यंत धुसफुसत आले. दुकान उघडतात तोच एक म्हातारी मिक्सर घेऊन आली. "कधीपासून बिघडलाय, आजी? आवाज कसा येतो?" काय तो लाघवी स्वर! मला कानफटात मारल्यासारखं झालं.

म्हातारी गेली. तिच्या जागी काउंटरसमोर मी उभी राहिले.

"आता मला विचारा. नाहीतर बॅग मीच भरते, सोडायला यायचे कष्ट नकोत."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"विचारा."

हे स्क्रू ड्रायव्हर बोटांत फिरवत राहिले. शेवटी खाली बघूनच वसकन ओरडले, "कधीपासून बिघडलंय?"

"बिघडलेलं नाही. पहिल्या रात्रीपासून असंच आहे. आधीचं सगळं नाटक होतं."

स्क्रू ड्रायव्हर काउंटरखाली पडला. हे उचलायला वाकले ते बराच वेळ वर आलेच नाहीत. मी जागची हलले नाही.

"अजून तीन प्रश्न राहिलेत," मी म्हटलं.