बोटांवर बसणारे मासे

ऐक, आधी नुसतं ऐक, मधे बोलू नकोस. तिने कोपरापर्यंत हात फिशटँकमध्ये घातला, पडलेलं कोरल उचललं, आणि तिच्या बोटांवरून पाण्यात एक पांढरी रेघ सुटली. दुधाची असावी तशी. बारीकशी वर वळली आणि विरून गेली. आणि ते दोन मासे, गोबी, करंगळीच्या पेराएवढे, काळे, अंगावर निळी झगझगीत पट्टी, ते बिळातून निघाले आणि सरळ तिच्या बोटांवर येऊन बसले. हात दिसला ना, मग आलेच.

मासे तिच्या सासऱ्यांचे. मोठ्या माशांच्या अंगावरची मेलेली कातडी टिपून खाणं हाच या गोबींचा धंदा. टाकीत मोठा मासा नव्हता, म्हणून सासऱ्यांचा हात. त्यांनी जन्मभर पाण्याचे पंप दुरुस्त केले, घरी बसल्यावर ही खाऱ्या पाण्याची टाकी स्वतः जोडली. हातांना सोरायसिस. लाल चट्टे, वर पांढरे पापुद्रे. रोज सकाळी साध्या पाण्याने हात खळखळून धुवायचे, टाकीत सोडायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. मासे आपले टुकुटुकु टिपत बसायचे.

"बाबा, पार्लर काढलंत की काय?" तिचा नवरा चिडवायचा.

"आणि हे पार्लरवाले तोंड वाकडं करत नाहीत," सासरे म्हणायचे.

ती हसायची. सगळ्यांच्या बरोबर हसायची.

आता गंमत बघ, ही बाई औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट. काउंटरवर लोक आवाज खाली करून विचारतात, "मॅडम, हे दुसऱ्याला लागतं का हो?" आणि ही ठणकावून सांगते, "अजिबात नाही. खुशाल जवळ बसा." तीच ही. घरी सासऱ्यांनी रिमोट दिला, चहाचा कप दिला, की हसून घ्यायची आणि जरा वेळाने गुपचूप बाथरूममध्ये. तिथे धुण्याच्या पावडरच्या डब्यामागे एक बाटली लपवलेली. जखमेवर लावतात ना ते उग्र वासाचं तपकिरी औषध, पाण्यात पडलं की पांढरं होतं, ते. तसंच हातावर ओतायची, चोळायची, मग धुवायची. लग्न झाल्यापासून. डोक्याला सगळं कळत होतं, हाताला पटत नव्हतं.

त्या दिवशी सासरे आणि नवरा आत्याकडे निघाले. दारात सासऱ्यांनी माशांच्या खाण्याची डबी तिच्या तळहातावर ठेवली आणि आपल्या हाताने तिची मूठ मिटली.

"चिमूटभरच घाल गं. आत हात घालायची वेळ आली तर साबण-बिबण काही नको हं. जीव केवढे ते."

"हो बाबा. निश्चिंत जा तुम्ही."

दार लागलं आणि ती बाथरूममध्ये. औषध चोळून झालं, नळ सोडणार, तेवढ्यात बाहेर टाकीत टक्कन वाजलं. धावत येऊन बघते तर कोरलचा तुकडा घसरून बरोबर माशांच्या बिळाच्या तोंडावर. मासे आत अडकलेले. तिने विचारच केला नाही. घातला हात. पुढचं तुला सांगितलंच.

तिने हात झटकन बाहेर काढला. गॅलरीतल्या पिंपात सासऱ्यांनी खारं पाणी तयार करून ठेवलेलं असायचं. टाकीतलं पाणी बादल्यांवर बादल्या उपसलं, पिंपातलं ओतलं. फरशीभर पाणी. मासे वर येऊन तोंडं उघडत-मिटत राहिले, मग काचेला टेकले, मग खाली गेले. कोरलं आक्रसून बसली. दिवेलागणीला दोन्ही मासे वाळूवर आडवे. निळी पट्टी तेवढी तशीच झगझगीत.

सासरे आले, टाकीसमोर उभे राहिले. जाळीने एकेकाला काढलं, तळहातावर घेतलं. मग वाकले, उपसलेल्या पाण्याच्या बादलीवर नाक नेलं. बराच वेळ वाकलेलेच.

"हात नुसत्या पाण्याने धुतलेले ना गं?"

"हो बाबा." तिचे हात पाठीमागे. "नुसत्या पाण्याने."

"अहो बाबा, तुमचं मलमच असणार," नवरा बूट काढता काढता म्हणाला. "सकाळी तुम्हीच तर हात घातला होता. एवढं चोपडता ते!"

तिने मान वर केली. मलमाची ट्यूब कधीच संपलेली. नवी तिनेच दुकानातून आणायची होती, सासऱ्यांनी दोनदा सांगितलेलं, आणि ती रोज विसरत होती. घरात मलम नव्हतंच. हे तिला माहीत होतं आणि सासऱ्यांना माहीत होतं.

सासऱ्यांनी आधी आपल्या हाताकडे बघितलं. मग तिच्याकडे, अगदी ओझरतं.

"असेल रे," ते म्हणाले. "माझ्याच हाताचं असेल."

अगं, तोंड उघडलं होतं तिने, पण नवरा म्हणाला, "जाऊ द्या, दुसरे आणू," आणि ती वेळ निघून गेली.

सकाळी ती उठली तर सासऱ्यांचा चहा करून झालेला. रोज ते कप तिच्या हातात द्यायचे. आज कप टेबलावर होता, कान तिच्या बाजूला फिरवलेला. सासरे टेबलापासून लांब, टाकीची काच पुसत उभे. तिला वाटलं, मासे गेलेत, त्यांचं लक्ष नसेल. असं मनाशी म्हणत ती तोंड धुवायला गेली.

नळाशेजारी, अगदी हाताशी येईल अशी, डब्यामागची ती तपकिरी बाटली ठेवलेली. वर सांडलेली धुण्याची पावडर पुसलेली. झाकण सैल केलेलं, तिला पटकन उघडता यावं म्हणून.

ती तिथेच उभी राहिली. नळ सोडायचंही सुचेना.

"अगं, चहा गार होतोय," बाहेरून सासऱ्यांचा आवाज आला. रोजच्यासारखाच. जराही राग नाही गं त्यात, तेच तर!

बाहेर तर जायलाच हवं होतं. सांग ना, तू काय केलं असतंस?