मुक्कामी गाडी

इन्स्पेक्टरने डोळ्यांवर आडवा हात धरला आणि म्हणाला, "बंद करा, बंद करा."

महिपतने दिवे बंद केले. आरटीओच्या पासिंगच्या शेडमध्ये मुद्दाम अंधार केलेला होता, दिव्यांचा झोत समोरच्या पांढऱ्या फळीवर नेमका कुठे पडतो ते बघायला. इन्स्पेक्टर तरुण होता. डोळे चोळत त्याने कागदावर काहीतरी लिहिलं आणि हॉर्न वाजवायला सांगितला. महिपतने वाजवला, तसा बाहेर रांगेत उभा असलेला टेम्पोवाला दचकून बाजूला झाला. इन्स्पेक्टरने आणखी एक ओळ लिहिली.

"काका, परत नापास."

"दिवे कमी पडतात म्हणून नापास झालेल्या गाड्या पाहिल्यात साहेब. जास्त आहेत म्हणून नापास, हे पहिल्यांदाच ऐकतोय."

"समोरच्या ड्रायव्हरला काही दिसणार नाही हो. आणि हा आरसा मालट्रकचा आहे. मॅटाडोरला हातभर बाहेर आलाय. कुणाला तरी लागेल."

महिपतने कागद घडी करून खिशात घातला. पहिल्या खेपेला पाच कारणं होती. त्यातली दोन त्याला पटली होती: हँडब्रेक ढिला होता, आणि स्टोव्हचं फडताळ नीट बसवलेलं नव्हतं. ती त्याने दुरुस्त करून घेतली. दिवे, हॉर्न आणि आरसा मात्र साहेबाची चूक समजून सोडून दिले होते. चांगलं नवं सामान घातलं की गाडी नापास होते, हा कुठला न्याय, ते त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं.

गाडीत मागे पलंगावर बसलेल्या त्याच्या बायकोने, हौसाबाईने विचारलं, "झालं का हो?"

"नाही झालं."

एकतीस वर्षं एसटीच्या ड्रायव्हरशी संसार केलेली बाई, कधी गप्प बसायचं ते तिला कळत होतं.

महिपतची निम्मी नोकरी मुक्कामी गाडीवर गेली. संध्याकाळची शेवटची गाडी आडगावी न्यायची, तिथेच झोपायचं, पहाटे पहिली फेरी घेऊन परतायचं. धसई, डोळखांब, किन्हवली. शहाडच्या दोन खोल्यांत बसून हौसाबाईने ही गावं नुसती ऐकली होती. धसईच्या देवळाचा गार ओटा, किन्हवलीच्या विहिरीचं गोड पाणी, डोळखांबला गरम भाकरी आणून देणारी म्हातारी. "एकदा नेईन तुला," असं तो दर दिवाळीला म्हणायचा, आणि दर दिवाळीला त्याची ड्युटी लागायची.

निवृत्त झाल्यावर त्याने एका कारखान्याची जुनी मॅटाडोर घेतली. सीटा काढून पलंग घातला, स्टोव्ह ठेवला, पाण्याचा पिंप बसवला. हौसाबाईने पडदे शिवले. भंगारातून आणलेली कंडक्टरची घंटीसुद्धा त्याने दोरीसकट छताला लावली. "तू कंडक्टर, मी ड्रायव्हर," म्हणाला. जिथे जिथे त्याने मुक्काम केला होता, तिथे तिथे दोघांनी एक रात्र काढायची. पण आतला असा बदल केला म्हणून नव्याने पासिंग लागलं आणि गाडी इथे अडकली.

शेडमधून तो तडक वागळे इस्टेटला, जगनच्या गॅरेजवर आला. वाटेत हौसाबाई बाजूला बसून नेहमीसारखी बोलत होती. डावीकडून रिक्षा आली हं. सायकलवाला आहे पुढे. बायकांना गाडीत गप्प बसवत नाही, असं महिपतचं जुनं मत होतं.

"अरे जगन, हे सगळं तूच बसवलंस ना? मग नापास कसं होतं?"

जगन गाडीखालून बाहेर आला. "काका, मी बोललेलो, एवढा पावर लागत नाय. तुम्ही बोललात, दिवे मिणमिणतायत. नवी बॅटरी टाकली तरी तुमचं तेच. मग बोललात हॉर्न ऐकू येत नाय, मग बोललात आरशात काय दिसत नाय."

"नव्हतंच दिसत."

जगनने त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि पाना उचलला. तासाभरात त्याने जुने दिवे, जुना हॉर्न, जुना आरसा परत बसवला. मग शटर खाली ओढलं. भरदुपारी गॅरेजात अंधार झाला. महिपत भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"लाव आता दिवे."

"लावलेत काका."

महिपत दोन पावलं पुढे गेला. आणखी दोन गेला, भिंतीला तळहात लावला. हातावर पिवळसर उजेड होता.

"तुला दिसतंय?" त्याने हौसाबाईला विचारलं.

"दिसतंय की. कॅलेंडरवरची तारीखसुद्धा दिसतेय. सोळा."

त्या भिंतीवर कॅलेंडर आहे हे महिपतला आत्ता कळलं.

जगन उगाच फडक्याला हात पुसत राहिला. महिपतच्या खिशात विनाअपघात सेवेचा पितळी बिल्ला होता, तो पासिंगला मुद्दाम घेऊन आला होता. अपघात झाला नव्हता, कुणी शिवी दिली नव्हती, तरी त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुला माहीत होतं?" त्याने हौसाबाईला विचारलं.

"मग रिक्षा आली, सायकल आली, हे कशाला सांगत होते?"

"मला वाटलं, घाबरतेस."

"घाबरतच होते," हौसाबाई म्हणाली.

महिपत गाडीत चढून पलंगाच्या कडेवर बसला. थोड्या वेळाने आपणच हसला. "नाचता येईना अंगण वाकडं. अन् मी अंगण बदलत बसलो."

तिसऱ्या खेपेला गाडी जगनने नेली, महिपत शेजारी बसला. दहा मिनिटांत पास झाली. तोच इन्स्पेक्टर म्हणाला, "आता काही दोष नाही, काका." महिपतने मान डोलावली.

परतताना जगन चाचरत म्हणाला, "मोतीबिंदू असेल काका. ऑपरेशन करतात. कानाचं पण दाखवा."

"दाखवू. आधी धसई. शनिवारी दुपारी मोकळा आहेस?"

शनिवारी शहाडला गाडी दारात उभी राहिली. पिंप भरला, भाकऱ्या फडक्यात बांधल्या. जगन स्टिअरिंगवर बसला. महिपत सवयीने उजव्या दाराकडे वळला, थांबला आणि मागून चढला. हौसाबाईने पडदा सरकवून त्याला शेजारी जागा करून दिली. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. शेवटी ते वर गेले आणि त्याने घंटीची दोरी दोनदा ओढली.

मग त्याने हौसाबाईच्या तोंडाकडे पाहिलं.

"वाजली का ग?"

"वाजली," ती म्हणाली. "दोनदा."